चळवळीच्या गाण्यांचा अल्बम काढताय? गोव्यातल्या नवख्यांसाठी पायरी-पायरीने

गोव्यात आंदोलन उभं राहिलं की त्याचं गाणं यायला वेळ लागत नाही. मोबाइलवर फिरतं, दोन-तीन सभांत वाजतं, आणि आंदोलन थंडावलं की त्याचा मागमूस राहत नाही. मोलेचं जंगल, मेळावलीची आयआयटी, म्हादई, खाण, कोळसा, प्रत्येकाची गाणी झाली. आज शोधायला जा, अर्धी सापडणार नाहीत. सापडली तर कोणी लिहिली ते कळणार नाही.

फोंडा-डिचोलीकडच्या भजनी मंडळांतल्या आम्ही काही जणांनी मिळून अशा गाण्यांचा एक छोटा अल्बम काढला. त्या खटाटोपात जे कळलं ते इथे क्रमाने मांडतो. कविता कशी करावी हे मी सांगणार नाही. कुठे कागद लागतो, कुठे माणूस लागतो आणि कुठे पाय घसरतो, एवढंच सांगतो. माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: गाण्यातली प्रत्येक ओळ पुराव्याला पक्की हवी, आणि ज्यांचं ते गाणं आहे त्यांना ते स्वतः म्हणता यायला हवं.

१. आधी कान तयार करा

लिहायला बसण्याआधी थोडं ऐका. मराठीत ही परंपरा जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी अभंगाचाच साचा घेतला, त्याला अखंड म्हटलं आणि त्यातून जातीव्यवस्थेला जाब विचारला. पुढे सत्यशोधक जलसे आले, आंबेडकरी जलसे आले, अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांचं लाल बावटा कलापथक आलं. गोव्यात शिकायचं तर तियात्राला, म्हणजे कोंकणी लोकनाट्याला जा. तियात्रात दोन प्रवेशांच्या मध्ये जी कांतारां (गाणी) होतात, त्यांत मंत्र्यापासून पंचापर्यंत कोणाचीही खैर नसते. आपल्याकडचे मराठी नाटकवाले तियात्राकडे फिरकत नाहीत, ही आपलीच अढी. गायक टाळी कुठे घेतो, शेवटची ओळ किती उशिरा टाकतो, हे तिकीट काढून पाहण्यासारखं आहे.

गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का, यावरच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाच्या प्रचारात उल्हास बुयांव यांची विलीनीकरणाविरुद्धची कोंकणी गाणी गावोगाव फिरली. माझ्या घरात विलीनीकरणाच्या बाजूची माणसं होती, तरी ती गाणी त्यांच्या तोंडी असायची. विरुद्ध पक्षाच्या माणसालाही गुणगुणावंसं वाटणं, याच्यापुढे दुसरी पावती नाही.

आणि एक गाणं पोर्तुगालचं, गोवेकराने मुद्दाम ऐकावं असं. सालाझारने उभी केलेली राजवट १९६१ पर्यंत आपल्या डोक्यावर होती. तिकडे लिस्बनमध्ये ती २५ एप्रिल १९७४ ला कोसळली. त्या रात्री बंडातल्या सैनिकांना हलण्याची खूण म्हणून रेडिओवर जुझे आफोन्सु यांचं ‘ग्रांदुला, व्हिला मुरेना’ लावलं गेलं. ते त्यांच्या १९७१ च्या अल्बममधलं. वाद्य एकही नाही. खडीवर पावलं पडल्याचा आवाज येतो, एक गळा सुरू करतो, मग बाकीचे पुरुष मिसळतात. आलेंतेजु प्रांतातले शेतमजूर असेच गातात. सरकारला त्यात एक शिवी नाही. एका गावात बंधुभाव आहे आणि तिथे हुकूम लोकांचा चालतो, बस्स. ती राजवट पडल्यावर, १९७४ च्या अखेरीस, पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. म्हणजे त्या गाण्याशी आपला दूरचा का होईना, संबंध आहे.

ऐकताना एक करा. पहिल्यांदा शब्द ऐका. दुसऱ्यांदा फक्त ध्रुवपदाकडे लक्ष द्या: किती अक्षरं, श्वास कुठे. तिसऱ्यांदा टाळी धरा. टाळी चुकत असेल तर ते गाणं बसून ऐकायचं आहे, मोर्चात म्हणायचं नाही. अल्बममध्ये दोन्ही प्रकार लागतात.

२. विषय लहान धरा आणि त्याचे कागद काढा

‘गोंय वाचवा’ हा विषय नव्हे, ती घोषणा झाली. एक खाजन (खाडीकाठचं बांधाचं शेत), एका मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीत राहणाऱ्याचं) घर, एक आटलेली बाव (विहीर), बुजवलेलं एक शेत, असं काहीतरी धरा. सबंध अल्बमला एकच धागा असला तरी प्रत्येक गाण्याला स्वतःची जागा हवी.

विषय ठरला की पेन बाजूला ठेवा आणि फाइल उघडा. त्यात काय हवं:

- जमिनीचा प्रश्न असेल तर फॉर्म एक-चौदा (जमीन कोणाच्या नावावर आहे ते दाखवणारा उतारा) आणि सर्व्हे प्लॅन. गाव, सर्व्हे नंबर आणि उपविभाग माहीत असला की फॉर्म एक-चौदा ऑनलाइन पाहता येतो.
- ती जमीन प्रादेशिक आराखड्यात कुठल्या झोनमध्ये दाखवली आहे, आणि झोन बदलला असेल तर नगरनियोजन कायद्याच्या कुठल्या कलमाखाली. १७(२) आणि ३९अ ही दोन कलमं सध्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहेत, पण तुमच्या जमिनीला त्यातलं नेमकं कुठलं लागलं ते तपासा.
- ग्रामसभेच्या ठरावाची प्रत.
- माहिती हक्काखाली मागवलेली उत्तरं. अर्जाला १० रुपये लागतात, उत्तराची मुदत ३० दिवस. म्हणून हे काम सर्वांत आधी सुरू करा.
- जुन्या बातम्या. पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात मराठी दैनिकांचे जुने अंक बघायला मिळतात.

प्रत्येक कागदाला नंबर द्या. पुढे गाण्याच्या ओळीसमोर तोच नंबर लिहायचा आहे. तो कशासाठी ते सातव्या पायरीत येईल.

इथला मोठा धोका म्हणजे अर्धी बाजू. खाणीचंच घ्या. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, आणि ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं. खाणपट्ट्यात ज्या घरातली सून धुळीने खोकत होती, त्याच घरातल्या मुलाने कर्ज काढून ट्रक घेतला होता. धुळीवर गाणं लिहाल आणि दारातल्या उभ्या ट्रकबद्दल बोलणार नाही, तर ते गाणं पणजीत टाळ्या घेईल, पाळी-वेळग्यात नाही.

३. ज्यांचं गाणं, त्यांच्या ओसरीवर

कच्चा मसुदा झाला की तो घेऊन त्या गावात जा. सभेत नको, ओसरीवर बसून म्हणून दाखवा. सावर्ड्याकडच्या एका आजीने आमचं पहिलं कडवं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, “हातूंत धुल्ल खंय आसा?” (यात धूळ कुठे आहे?) मग तिने स्वतःच सांगितलं: तुळशीच्या पानावर तांबडी साय धरायची, वाळत घातलेलं कापड झटकून मगच घडी करायची, बावीवर फळी टाकून वर चादर घालायची. सबंध दुसरं कडवं तिथेच मिळालं. आजीचं नाव श्रेयनामावलीत घालायचं का, हे तिच्या मुलांसमोर तिलाच विचारलं. नको म्हणाली. घातलं नाही.

नावांच्या बाबतीत हाच दंडक ठेवा. आंदोलनात कोणी जीव गमावला असेल तर त्याचं नाव गाण्यात घेण्याआधी घरच्यांना भेटा. २५ मे २०११ ला बाळ्ळीत आदिवासी हक्कांच्या आंदोलनात दोन तरुण गेले. अशा घटनेवर लिहिताना यमकासाठी नाव वाकवणं, वय बदलणं, मरणाचं वर्णन रंगवणं, हे सगळं वर्ज्य. घरच्यांनी एखादी ओळ काढायला सांगितली तर वाद घालू नका.

४. शब्द

नवख्याचा पहिला मसुदा बहुतेक वेळा असा असतो: उठा, जागे व्हा, अन्यायाची बेडी तोडा, क्रांतीची मशाल पेटवा. ही ओळ १९४६ ला लोहियांच्या सभेत चालली असती, आज मोपा विमानतळाच्या प्रश्नावर चालेल, उद्या कशावरही चालेल. कुठेही चालते म्हणून कुठेच लागत नाही.

मराठी लिहिणाऱ्याच्या हाताशी मोठा अभंग आहे. सहा, सहा, सहा, चार अक्षरं. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. गोव्यातल्या कुठल्याही भजनी मंडळाला तो झोपेतसुद्धा म्हणता येतो, चाल शिकवावी लागत नाही. नमुन्यादाखल आमच्या वहीतलं:

काल इथे होते । भात डोललेले ।
आज ओतलेले । चिरे-माती ॥

फॉर्म एक-चौदा । आजोबाचे नाव ।
कुंपणाला वाव । कुणी दिला ॥

यात आरोप नाही, प्रश्न आहे. प्रश्नाचा फायदा दुहेरी. समोरची माणसं उत्तर ओरडून देतात, आणि वकील निवांत झोपतो. शिवाय ‘फॉर्म एक-चौदा’ हे शब्द म्हणताना लोक हसतात, कारण मामलेदार कचेरीत त्यासाठी सगळ्यांनीच खेपा घातलेल्या असतात.

भाषा. घरात कोंकणी, वर्तमानपत्र मराठी, देवळात मराठी, बाजारात दोन्ही, असा आपला संसार. राजभाषेच्या वादात अल्बम अडकवायचा नसेल तर साधा नियम ठेवा: जे कडवं ज्याच्या तोंडी आहे ते त्याच्या भाषेत. आमच्या गाण्यांत कथन मराठीत आहे आणि बायकांचं उत्तर कोंकणीत. कोणी नाक मुरडलं तर मुरडू द्या.

आणि सर्वांत मोठा खड्डा. गोव्यातलं निषेधाचं गाणं दोन कडव्यांत ‘घाटी’ आणि ‘भायले’ (बाहेरून आलेल्यांना हिणवायचे शब्द) यांच्यावर घसरतं. टाळी हमखास मिळते, म्हणून मोह होतो. पण शेतात माती ओतणारा कर्नाटकातला मजूर रोजंदारीवर आलेला असतो; सह्या करणारा आपल्याच गावचा, आपल्याच आडनावाचा असतो. मजुराला शिवी घालणारं गाणं अन्यायाविरुद्धचं नव्हेच. असली ओळ घ्यायची नाही असं आम्ही ठरवलं, त्यावरून गटात भांडण झालं, एक चांगला पखवाजवाला सोडून गेला. मला अजूनही त्या निर्णयाचं वाईट वाटत नाही.

५. चाल कोणाची?

मोर्चात हिंदी सिनेमाच्या चालीवर शब्द बसवून म्हणतात, लोक हसतात, प्रश्न तिथेच संपतो. तेच रेकॉर्ड करून अल्बममध्ये घातलं की कॉपीराइटचा प्रश्न सुरू होतो. कायदा शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग या तीन वेगळ्या मालमत्ता धरतो.

शब्द आणि चाल यांचा हक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. बा. भ. बोरकर १९८४ मध्ये गेले, म्हणजे त्यांची कविता २०४४ अखेरपर्यंत परवानगीशिवाय घेता येणार नाही. अण्णाभाऊ १९६९ मध्ये गेले, त्यांचं लेखन २०२९ अखेरपर्यंत. ‘ते लोकांचे कवी होते, कोण विचारतंय’ असं म्हणणारा एक जण प्रत्येक गटात असतो. त्याला परवानगीचं पत्र लिहायला बसवा. तुकोबांचे अभंग मोकळे आहेत, पण एखाद्या ख्यातनाम गायकाने गायलेली त्यांची विशिष्ट चाल मोकळी असेलच असं नाही. धालो, फुगडी, जागर या लोककलांतल्या पारंपरिक चाली घेता येतात. तेव्हा कुठल्या गावच्या बायकांकडून ऐकली ते श्रेयात लिहा. कायदा मागत नाही, पण रीत आहे.

दुसऱ्याच्या रेकॉर्ड झालेल्या गाण्याची आपली आवृत्ती काढायला कायद्यात वाट आहे. पण पहिल्या रेकॉर्डिंगचं वर्ष संपून ५ वर्षं उलटलेली हवीत, मालकाला आगाऊ सूचना आणि रॉयल्टी द्यावी लागते, आणि शब्दांत मोडतोड चालत नाही. विडंबन करणाऱ्याच्या ती उपयोगाची नाही. त्यापेक्षा अभंगाला स्वतःची चाल लावणं सोपं.

६. वाद्यं आणि रेकॉर्डिंग

पेटी, पखवाज, झांज, घुमट (मडक्याला कातडं मढवलेलं वाद्य), शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य), कासाळें (मोठी झांज) एवढ्यात आमचं भागलं. घुमटाबद्दल मात्र सविस्तर सांगतो.

जुन्या घुमटांवर घोरपडीचं कातडं असायचं. घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या परिशिष्टात आहे. सरकारने २०१९ मध्ये घुमटाला राज्याचं वारसावाद्य म्हणून जाहीर केलं ते खरं, पण त्याने घोरपडीचं कातडं कायदेशीर होत नाही. मुळात तुम्ही कोणाला तरी खुपणारं गाणं म्हणताय. व्हिडिओत आजोबांचं जुनं घुमट दिसलं तर तक्रार करायला आयतं निमित्त. बकऱ्याच्या कातड्याचं घुमट घ्या, आवाज थोडा वेगळा येतो, कानाला सवय होते.

घुमटाला दोन तोंडं. मोठ्यावर कातडं मढवलेलं, मागची निमुळती मान उघडी. वाजवणारा एका हाताने ती मान झाकतो-उघडतो, आणि ‘घुम्म’ तिथून बाहेर पडतो. कातड्यासमोर एकच माइक ठेवलात तर नुसती टकटक मिळेल. दुसरा माइक मागच्या मानेपासून हातभर लांब, थोडा तिरका लावा; अगदी तोंडाशी लावला तर वाऱ्याचा फुत्कार भरतो. दोन माइक झाले की एकाची फेज (ध्वनिलहरीची दिशा) उलटी करून ऐका आणि ज्यात खर्ज भरून येतो ते ठेवा. स्टुडिओवाल्याला घुमट माहीत नसेल तर तो तबल्यासारखा माइक लावणार, आधीच सांगा. दमट हवेत कातडं ढिलं पडतं, म्हणून रेकॉर्डिंगच्या दिवशी वाद्य उन्हात ठेवून आणा.

समूहगान स्टुडिओच्या काचेमागे मरतं. गाणाऱ्या बायका हेडफोन लावून एकेकट्या उभ्या केल्या की त्यांचा आवाज लाजतो. आम्ही कोरस देवळाच्या सभागृहात घेतला. चिऱ्यांच्या भिंती आणि गुळगुळीत फरशीमुळे आवाज घुमतो, तेव्हा दोन भिंतींवर गोधड्या टांगल्या आणि फरशीवर चटया घातल्या. पंखे बंद. फ्रिज बंद. पावसाळ्यात हा उद्योग नको. कौलांवरच्या पावसाखाली काहीही साफ मिळत नाही आणि वीज हमखास जाते. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) पों-पों आणि मासळीवालीची हाक येऊन जाईपर्यंत थांबा. एका टेकमध्ये आमच्या पोदेराचा हॉर्न बरोबर समेवर आलाय, तो मात्र ठेवला.

रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला, वेव्ह फाइलमध्ये. प्रत्येक ट्रॅक वेगळा, आणि दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर. स्टुडिओवर विसंबू नका. एका ठिकाणी ‘डिस्क उडाली’ हे ऐकून घ्यावं लागलं; प्रत आमच्याकडे होती म्हणून निभावलं.

पैशाचं म्हणाल तर, गोव्याचे पॉप गायक रेमो फर्नांडिस यांनी १९८४ चा आपला पहिला गोवन अल्बम शिवोलीच्या घरात चार-ट्रॅक कॅसेट यंत्रावर केला आणि पिवळ्या स्कूटरवरून दुकानोदुकानी जाऊन विकला. आजचा साधा लॅपटॉप त्या यंत्राच्या कितीतरी पुढे आहे. सरकारी अनुदान मिळतं का, असं पुष्कळ जण विचारतात. ज्या खात्यावर गाणं आहे त्याच्याच शेजारच्या खात्याकडून पैसे घ्यायचे का, हे तुमचं तुम्ही ठरवा. मी घेणार नाही.

७. वकिलाची चाळणी

अंतिम मिक्सिंगच्या आधी शब्द वकिलाला दाखवा. नंतर दाखवलेत तर बदल करायला पुन्हा कोरस जमवावा लागतो. ओळीसमोर फाइलमधला कागदाचा नंबर लिहिलेला असला की तासाभराचं काम आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या ३५६ व्या कलमाखाली बदनामीला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. विधान खरं आणि सार्वजनिक हिताचं असेल तर अपवाद आहे, पण खरं असल्याचं दाखवायची पाळी तुमच्यावर येते. ‘अमक्याने पैसे खाल्ले’ याला कागद नसतो. ‘अमुक दिवशी झोन बदलला’ याला असतो. दुसरी ओळ ठेवा. १९६ आणि २९९ ही कलमं समाजांत तेढ आणि धर्मभावना यांच्याबद्दल आहेत. जातीवरच्या अन्यायावर लिहिताना ॲट्रॉसिटी कायदाही वाचून ठेवा. जातीचा शब्द कोणाच्या तोंडी आणि कशासाठी आला आहे, ते गाण्यातूनच स्वच्छ दिसायला हवं. प्रकरणाचा कोर्टात निकाल लागला असेल तर निकालावर टीका करता येते, न्यायाधीशाच्या हेतूवर नको.

८. सह्या

मैत्रीत कागद कशाला, असं इथेच वाटतं आणि इथेच बिनसतं. गाणं चाललं की प्रत्येकाला आठवतं की चाल त्याचीच होती.

- गीतकार आणि संगीतकार यांच्यात एका पानाचा करार: कोणाचा किती वाटा. हक्क दुसऱ्याला देत असाल तर मुदत आणि प्रदेश लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत.
- प्रत्येक गायक-वादकाचं संमतिपत्र, कोरसमधल्या बायकांचंसुद्धा. १८ वर्षांखालची मुलं असतील तर पालकांची सही.
- ज्यांचा बोलका आवाज, फोटो किंवा गोष्ट वापरली त्यांची संमती. मराठीत लिहा, वाचून दाखवा.
- स्टुडिओकडून पत्र, की मूळ रेकॉर्डिंगवर त्यांचा हक्क नाही.

कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही. करायची तर शब्दांना आणि चालीला प्रत्येकी ५०० रुपये, रेकॉर्डिंगला २००० रुपये सरकारी शुल्क. आम्ही शब्दांची केली, बाकी सोडून दिली.

९. क्रम आणि प्रकाशन

गाणी एकापाठोपाठ रचली म्हणजे अल्बम होत नाही. अमेरिकी गायक मार्विन गे यांचा १९७१ चा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ ऐका. व्हिएतनामहून परतलेला सैनिक आपला देश बघतोय, असा तो नऊ गाण्यांचा सलग पट आहे. एक गाणं दुसऱ्यात मिसळतं, आणि कुठेही ओरडा नाही. त्यांच्या कंपनीला सुरुवातीला तो नको होता. आमच्या अल्बमचा क्रम आम्ही दिवसाच्या वेळांवर लावला, काकडआरतीपासून शेजारतीपर्यंत. भजनी माणसांना तो लगेच कळला.

वितरक कंपनीमार्फत सगळ्या ॲपवर गाणं जातं. प्रत्येक गाण्याला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक (रेकॉर्डिंगची आंतरराष्ट्रीय ओळख) लागतो. तो वितरक देतो, स्वतः मिळवला तर उत्तम. मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेल. नावं देवनागरीत भरा, पण रोमन स्पेलिंगही एकदाच ठरवून सगळीकडे तेच ठेवा, नाहीतर एकाच गायकाची तीन खाती होतात. गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएसचं, म्हणजे त्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सदस्यत्व घ्यावं. ॲपवरून मिळणारा पैसा चहापुरता. त्यावर हिशोब मांडू नका. बँडकॅम्पवर (कलाकारांनी गाणी थेट विकायची वेबसाइट) ‘हवं तेवढं द्या’ ठेवलं तर परदेशातले गोवेकर घेतात.

आणि खासगी बसवाल्यांना पेनड्राइव्ह द्या. फोंडा-पणजी मार्गावर एका कंडक्टरने गाणं उचललं की जाहिरात लागत नाही.

१०. गावात पहिला कार्यक्रम

ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते. पंचायतीचा ना-हरकत दाखला, उपजिल्हाधिकारी कार्यालय आणि पोलीस ठाणं, या तिन्ही ठिकाणी वेळेत चौकशी करा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. निवासी भागात दिवसा मर्यादा ५५ डेसिबल. शाळा, इस्पितळ, न्यायालय यांपासून १०० मीटर शांतता क्षेत्र धरा. परवानगी आयत्या वेळी अडते, तीही नेमकी अशाच कार्यक्रमांची. म्हणून बिनमाइकचा बेत तयार ठेवा. घुमट, झांज आणि वीस गळे असले की देवळाच्या चौकात पुरतं. बंद सभागृह हवं तर फोंड्यात राजीव गांधी कला मंदिर, मडगाव, कुडचडे, सांखळीला रवींद्र भवन. तारखा लवकर भरतात.

भागात जमावबंदीचा आदेश आहे का ते आदल्या दिवशी विचारा. शब्दांची छापील पत्रकं वाटा, अक्षर मोठं ठेवा, म्हाताऱ्यांना ओसरीवरच्या दिव्यात वाचता आलं पाहिजे. ध्रुवपद आधी दोनदा म्हणवून घ्या, मग गाणं सुरू करा.

११. व्हिडिओवर दावा आला तर

यूट्यूबवर टाकल्यावर कधी कधी अनोळखी कंपनीचा दावा येतो, अगदी पारंपरिक चालीवरसुद्धा, कारण कोणीतरी तीच आरती आधी रेकॉर्ड करून ठेवलेली असते. घाबरून व्हिडिओ काढू नका. हरकत नोंदवा, दावेदाराला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. तेव्हा आठव्या पायरीतल्या सह्या आणि तुमच्या वेगवेगळ्या ट्रॅकच्या फाइली कामी येतात. दावा खराच असेल, म्हणजे कोणी तयार लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) कुठून तरी उचलून घातलेला असेल, तर तो काढून नव्याने मिक्स करा.

शब्दांची पुस्तिका छापली असेल तर दोन प्रती पाटोच्या ग्रंथालयात, एक गावच्या वाचनालयात, आणि एक ज्या ओसरीवर मसुदा म्हणून दाखवला तिथे द्या. आजीकडे जाताना चष्मा आठवणीने मागा, तिचा नेहमी सुनेच्या खोलीत असतो.